टपरीवरची भवानी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रहासची नोकरी गेली आणि मे उजाडला तरी मास्ट्रिख्टची थंडी काही जायचं नाव घेईना. कंपनीने त्याला व्हिडिओवर बोलावलं, गोड हसून दहा मिनिटांत निरोप दिला आणि लॅपटॉप कुरिअरने परत करायला सांगितला. आता तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर इथे राहायचा परवाना जाणार होता. चंद्रहासचा, त्याच्या बायकोचा, म्हणजे कुमुदिनीचा, आणि नऊ वर्षांच्या स्वानंदीचाही. परत जायचं म्हटलं तरी तो दोन हजार एकवीसचा मे महिना होता. नारायणगावात कुमुदिनीचे वडील सकाळी सात ते अकरा किराणा दुकान उघडत आणि उरलेला दिवस गल्लीतून आज कोण गेलं ते मोजत बसत.

घरात दिवसभर चंद्रहासचा पाय हलत असे. टेबलाखाली तो पाय हलला की वरचा चहा हिंदकळायचा. तिसऱ्या दिवशी कुमुदिनीने ठरवलं की आपण कामाला जायचं. पुण्याची एम. कॉम. होती ती, पण इथे सहा वर्षांत डच भाषेच्या वर्गांपलीकडे तिने काही केलं नव्हतं. सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली, तिने फोन लावला आणि दोन दिवसांनी ती सायकलवरून आठ किलोमीटर चढ चढून टेकडीवरच्या एका गावात पोचली. मारियेट नावाच्या बाईंचं तिथे शेत होतं. पांढरा अ‍ॅस्परॅगस, म्हणजे कोंबांची भाजी, स्ट्रॉबेरी, थोड्या कोंबड्या. रस्त्याच्या कडेला एक लाकडी टपरी होती. तिथे नऊ ते सहा उभं राहायचं, मधे एक तास सुट्टी, तासाला दहा युरो वीस सेंट.

मारियेट साठीला टेकलेली, उंच, हाडापेराने मजबूत. बोलणं तुटक. तिने टपरी दाखवली, वजनकाटा दाखवला आणि एक लोखंडी गल्ला दाखवला. टपरीवर कार्ड चालत नाही, म्हणाली. मशीनवाले दर व्यवहाराला पैसे कापतात, आणि इथल्या म्हाताऱ्यांना रोखच देता येतं. दुकानांनी महामारीत रोख पैसे घेणंच बंद केल्यामुळे सगळी म्हातारी मंडळी आपापली चिल्लर घेऊन इथे येत होती.

आता गंमत बघा. किराणा दुकानदाराची मुलगी, वाणिज्य शाखेची पदवीधर, आणि सहा वर्षांत तिने युरोची नाणी धड हातात धरली नव्हती. जिथे जाईल तिथे कार्ड टेकवायचं आणि पुढे व्हायचं. नाण्यांशी संबंध आला तो फक्त सुपरमार्केटच्या ढकलगाडीत अडकवायच्या पन्नास सेंटपुरता. त्या रात्री स्वानंदीने शाळेतली पुठ्ठ्याची नाणी जेवणाच्या टेबलावर मांडली आणि आईची शिकवणी घेतली. तांबडी तीन: एक, दोन आणि पाच सेंटची. पिवळी तीन: दहा, वीस आणि पन्नासची. मग दोन रंगांची दोन: एक आणि दोन युरोची. कुमुदिनी मराठीत विचारायची, मुलगी डचमध्ये उत्तर द्यायची. एक आणि दोन सेंट कुणी घेतच नाही, तिने सांगितलं. हिशेब पाचावर नेऊन ठेवायचा. बारा युरो सदुसष्ट झाले तर बारा पासष्ट घ्यायचे, अडुसष्ट झाले तर बारा सत्तर.

"म्हणजे दोन सेंट सोडून द्यायचे?" कुमुदिनीने विचारलं.

स्वानंदीने खांदे उडवले. शाळेत बाईंनी तसंच सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी टपरीवर वारा असा सुटला होता की प्लास्टिकचा पारदर्शक पडदा फडफडून कानठळ्या बसत होत्या. अंगात दोन स्वेटर, तोंडावर मास्क, हाताला दर गिऱ्हाइकामागे सॅनिटायझर. अकरा वाजेपर्यंत बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. नऊलाच पहिलं गिऱ्हाईक आलं होतं ते एक आजीबाई, सायकलला टोपली लावून. स्ट्रॉबेरीचा डबा साडेतीन युरोंना. त्यांनी तळहातावर नाणी मांडली आणि कुमुदिनीने एकेक उचलली. पहिलं उचललेलं पन्नास सेंटचं नाणं तिने कपाळाला लावलं.

हे तिने ठरवून केलं नाही. नारायणगावच्या दुकानात अण्णा, म्हणजे तिचे वडील, पहिल्या विक्रीतलं एक नाणं कपाळाला लावून वेगळ्या पिशवीत टाकत. ती दिवसाची भवानी. ती कुणाला सुट्टे म्हणून द्यायची नाही, गल्ल्यात मिसळायची नाही. पिशवी खिळ्याला टांगलेली असे आणि लक्ष्मीपूजनाला उघडत. लहानपणी उंबऱ्यावर बसून कुमुदिनीने ते हजार वेळा पाहिलेलं. टपरीत खिळा होता, पण पिशवी नव्हती. फळीवर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता. तिने नाणं त्यात टाकलं. दुपारी मारियेट आली तेव्हा तिने डब्याकडे बोट दाखवून सांगितलं की दिवसाचं पहिलं नाणं मी यात ठेवते, आमच्याकडे शुभ मानतात. मारियेटने डब्यात डोकावून पाहिलं, छान छान म्हणाली आणि रिकामे क्रेट उचलून गेली. तिला वाटलं, गिऱ्हाइकं खुशीने देतात त्या वरच्या पैशांचा डबा आहे, या बाईचा. कुमुदिनीला वाटलं, मालकिणीला कळलं, ती संध्याकाळी हिशेबात धरेल. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली आणि तिथेच घोटाळा झाला.

संध्याकाळी मारियेटने गल्ला नेला, विकलेल्या डब्यांशी ताडून पाहिला. पन्नास सेंट कमी. पहिला दिवस आहे, ती म्हणाली. मंगळवारी दोन युरो कमी आले. बुधवारी वीस सेंट.

कुमुदिनीची झोप उडाली. मोठी रक्कम कमी आली असती तर कुणीतरी चोरलं म्हणून सुटता आलं असतं. वीस सेंटचं काय करायचं? ती सायकल चालवताना बोटांवर मोजायची, कुणाला जास्त सुट्टे दिले असतील. आधी तिला वाटलं, पाचावर न्यायच्या भानगडीत पैसे गळतायत. तिने कागदावर लिहून ठेवलं, कुठे दोन सेंट गेले, कुठे दोन आले. दिवसाअखेर फरक निघाला एका सेंटचा. मग तिला वाटलं, नाणी ओळखण्यात चुकतेय. मास्क वर सरकून चष्म्यावर वाफ यायची, समोर चार माणसं दीड मीटरवरून घसा खाकरत उभी असायची. म्हणून तिने नाणी बोटांनी ओळखायची सवय लावली. वीसच्या कडेला खाचा असतात. दोन सेंटच्या कडेवरून एक बारीक रेघ फिरते. दोन युरो जड, बाहेरून चांदीसारखं. घरी आली की बोटांना तांब्याचा वास यायचा, साबणाने जायचा नाही.

काम तिला येत होतं, हे मात्र खरं. शनिवारी सीमेपलीकडच्या आखेनहून जर्मन लोक गाड्या भरभरून यायचे आणि तांबड्या चिल्लरीच्या मुठी पुढे करायचे, कारण त्यांच्याकडे एक-दोन सेंट अजून चालतात. ती गोड बोलून परत करायची. बँक ही नाणी घ्यायचेच पैसे मागते, असं मारियेटने बजावलं होतं. गावातला एक म्हातारा रोज अंडी न्यायचा. तो चार युरो देऊन पाव गिल्डरचं, म्हणजे युरोआधीच्या पंचवीस सेंटचं, जुनं नाणं परत मागायचा, जे वीस वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. कुमुदिनी निमूटपणे वीस आणि पाच सेंट त्याच्या हातावर ठेवायची. आमच्याकडेही माणसं अजून चार आणे, बारा आणे म्हणतात, हे तिने त्याला एकदा सांगितलं. तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला.

पण रोज संध्याकाळी गल्ला कमीच यायचा. मारियेट एका छोट्या वहीत आकडा लिहायची आणि वही मिटायची. ओरडली असती तर बरं, असं कुमुदिनीला वाटे. पहिल्याच शनिवारी तिने नको ते केलं. सहा वाजायला आले होते. आज तरी कमी येऊ नये म्हणून तिने एप्रनच्या खिशातून स्वतःचं दोन युरोचं नाणं काढलं आणि झटकन गल्ल्यात टाकलं. मान वर केली तर अंगणाच्या फाटकाशी मारियेट उभी. तिथून इतकंच दिसलं असणार की हिचा हात गल्ल्याशी आणि खिशाशी होता. मारियेट वळली आणि कोंबड्यांकडे गेली.

सोमवारी एप्रन नेहमीच्या खिळ्याला होता, धुऊन इस्त्री केलेला. कुमुदिनीने तो बांधला आणि सवयीने रुमाल ठेवायला हात खिशात घातला. हात गेला नाही. खिशाचं तोंड शिवून टाकलं होतं. निळ्या दोऱ्याने, बारीक, नीट टाक्यांनी, कुणीतरी निवांत बसून शिवावं तसं.

तिला आधी कळेच ना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. त्या दिवशी तिने सव्वीस किलो अ‍ॅस्परॅगस तोलला, एका बाईला टोपली सायकलला बांधून दिली, आणि पूर्ण वेळ तिचे हात शरीरापासून लांब राहिले. दुपारची पोळी-भाजी तिने टपरीसमोर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी उभ्याने खाल्ली. चोर ठरवलं गेलं होतं तिला. एवढ्याशा चिल्लरीपायी.

घरी तिने ते सांगितलं तर चंद्रहास उसळला. उद्यापासून जाऊ नकोस, म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याचा पाय पुन्हा हलायला लागला आणि तो म्हणाला की निदान घरभाड्याचे पैसे जमेपर्यंत तरी... कुमुदिनीने कपडे वाळत घातले. सोडून गेलं तर मारियेटला वाटणारच, बघा, पळाली. तिला तिथून जायचं नव्हतं. तिला गल्ला बरोबर आलेला बघायचा होता.

तो आठवडा तिने दात आवळून काढला. पाऊस पडत होता, गारठा होता, शेतातला पिवळा चिखल बुटांना चिकटून बूट दोन-दोन किलोंचे व्हायचे. रोज कमी. कधी युरो, कधी दोन, एकदा फक्त दहा सेंट.

दुसऱ्या शनिवारी दुपारी पाऊस जोरात आला आणि रस्ता रिकामा झाला. अण्णांचा फोन आला. दुकान अकरालाच बंद केलं, साबण आणि साखर गेली, शेजारच्यांचा ऑक्सिजन आज नीट आहे, असं सगळं सांगून झालं. मग कुमुदिनीने सहज वाटावं अशा आवाजात विचारलं, "अण्णा, गल्ला कमी आला तर तुम्ही काय करायचात?"

"गिऱ्हाइकावर संशय घ्यायचा नाही, नोकरावर घ्यायचा नाही," अण्णा म्हणाले. "आधी आपला हात आठवायचा. सकाळी कुलूप उघडल्यापासून. हाताने काय उचललं, कुठे ठेवलं, क्रमाने. अर्ध्या वेळा दिवसाच्या पहिल्या तासातच सापडतं. का गं, तुझ्या मालकिणीचा कमी येतो?"

ती म्हणाली, जरा येतो. फोन ठेवला. पावसाकडे बघत ती हात आठवायला लागली. फळी उघडली. काट्यावरची धूळ पुसली. सुट्ट्या पैशांची पिशवी ओतली. पहिलं गिऱ्हाईक आलं, नाणं उचललं, कपाळाला लावलं.

डबा तिच्या खांद्यापाशीच होता. बारा दिवस तो तिथेच होता. मारियेटने त्याला कधी हात लावल्याचं तिने पाहिलं नव्हतं, हे तिच्या त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं. पहिल्या सोमवारी पन्नास सेंट. मंगळवारी दोन युरो, ते कुत्रा घेऊन आलेल्या गृहस्थांनी दिलेले. बुधवारी खाचांचं वीस. तिने डबा फळीवर उपडा केला. बारा नाणी. चौदा युरो ऐंशी सेंट. ती पुन्हा मोजायला लागली आणि घाईत दोन नाणी चिखलात पडली, ती तिने गुडघ्यावर बसून शोधली.

आधी तिला हसू आलं, मग रडू आलं, मग राग आला. राग स्वतःचाच. एम. कॉम. झालेली बाई! जे बापाच्या दुकानात चालतं ते दुसऱ्याच्या गल्ल्यात कसं चालेल? अण्णांची भवानी अण्णांचीच होती, मोजणारे तेच आणि वेगळी ठेवणारेही तेच. इथे ठेवणारी एक आणि मोजणारी दुसरी होती.

सहा वाजता ती गल्ला आणि डबा दोन्ही घेऊन मारियेटच्या स्वयंपाकघरात गेली. मारियेटने दारातच थांबवलं, नियमाप्रमाणे, आणि मग पाऊस बघून आत घेतलं. कुमुदिनीने टेबलावर नाणी ओळीने लावली आणि वही मागितली. डच अपुरं पडलं तिथे इंग्रजी वापरलं, तेही अपुरं पडलं तिथे नाणं कपाळाला लावून दाखवलं. मारियेट खुर्चीत बसली. तिने आजचा गल्ला मोजून आकडा लिहिला आणि वहीतले आकडे जोडले, एकदा पेन्सिलने, एकदा यंत्रावर. तेरा युरो पंधरा.

"हे चौदा ऐंशी आहेत," मारियेट म्हणाली. "जास्त आहेत."

"यातले दोन माझे. तू फाटकाशी होतीस त्या दिवशी मी माझे दोन युरो गल्ल्यात टाकले."

मारियेटच्या मानेवर लाल चट्टे उठले. तिने पुन्हा बेरीज केली, जशी काही बेरीज बदलेल.

"मग तेरा पंधरा कसे? बारा ऐंशी कमी यायला हवे होते."

"पस्तीस सेंट माझी चूक. सुट्टे देताना झाली असेल, कुठे ते सापडलं नाही. ते कापून घे. मला एक पासष्ट परत दे."

मारियेटने एक पासष्ट मोजून दिले. कुमुदिनीने ते तळहातावर पुन्हा मोजले आणि घेतले. मग मारियेट उठली, खणातून कात्री काढली आणि एप्रनकडे हात केला. मी दोरा काढते, म्हणाली, माफ कर. कुमुदिनीने एप्रन सोडला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. अंगावर असताना कुणी त्याला कात्री लावलेली तिला नको होती.

दाराशी मारियेट म्हणाली की सोमवारपासून तू शेडमध्ये ये. माल निवडायचा, जुड्या बांधायच्या. तिथे ऊब आहे, आणि तासाला चाळीस सेंट जास्त देईन. टपरीवर मी माझ्या भाचीला बसवते. म्हणजे पुन्हा प्रश्नच नको.

सायकल उतारावरून आपोआप घरंगळत होती, तरी कुमुदिनीला घरी पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

रविवारी चंद्रहासने कागद घेतला. चाळीस सेंट गुणिले आठ, गुणिले सहा, हंगामाचे सहा आठवडे. एकशे पंधरा युरो वीस. त्याने नव्वदने गुणलं. "दहा हजार तीनशे अडुसष्ट रुपये," तो म्हणाला. "आणि वाऱ्यात उभं राहायचं नाही. चांगलं झालं की गं. तिने माफीही मागितली."

"मागितली."

"मग?"

"गल्ल्यापासून उठवलं मला तिने."

"अगं, बढती आहे ती."

कुमुदिनीने पोळी तव्यावर टाकली आणि दाबत राहिली, फुगायच्या आधीच. "चूक सापडली, पैसे जुळले, तरी ती म्हणते पुन्हा प्रश्न नको. प्रश्न म्हणजे मी. शेडमध्ये गेले तर गावात काय राहील? ती भारतीय बाई, तिला गल्ल्यावरून काढली. तो अंडीवाला म्हातारा विचारेल तर भाची काय सांगेल त्याला?"

चंद्रहास म्हणाला की एका म्हाताऱ्यासाठी दहा हजार रुपये सोडायची आपली परिस्थिती नाही. ते खरंच होतं आणि ते त्याने फार हळू आवाजात म्हटलं. कुमुदिनीलाही ते माहीत होतं. दिवसभर ती खोल्यांमधून फिरत राहिली, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. दर तासाला छत्तीस रुपये, तिच्या डोक्यात घोळत होतं. छत्तीस रुपये, छत्तीस रुपये.

सोमवारी ती पावणेनऊला पोचली. भाची अजून आली नव्हती. मारियेट टपरीत उभी राहून सुट्टे पैसे गल्ल्याच्या खणांत लावत होती, दहाचे दहाजवळ, वीसचे वीसजवळ. तिने हसून शेडकडे हात केला.

कुमुदिनी शेडकडे गेली नाही. तिने सायकल कुंपणाला टेकवली आणि टपरीत शिरली. दोघींच्या मधे दीड मीटर जागाच नव्हती.

"मी इथेच उभी राहीन," ती म्हणाली. रात्रभर तिने ही डच वाक्यं जुळवली होती. "दहा वीसच दे. चाळीस सेंट नकोत. सकाळी तू मोज, मीही मोजते. संध्याकाळी तू मोज, मीही मोजते. दोघींनी सही करायची. हंगाम संपेपर्यंत गल्ला माझ्याकडे."

मारियेटने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मुठीत दहा सेंटची नाणी होती, ती तिने खाली ठेवली नाहीत. "चाळीस सेंट कमी," ती म्हणाली. "समजून बोलतेस ना?"

"एकशे पंधरा युरो वीस," कुमुदिनी म्हणाली. "समजून बोलतेय."

रस्त्यावर सायकल थांबल्याचा आवाज आला. पिवळा रेनकोट घातलेली एक तरुण बाई, मागच्या सीटवर झोपलेलं बाळ. तिने पडद्याच्या पलीकडून दोन डबे स्ट्रॉबेरी मागितले, दहाची नोट पुढे केली आणि दोघींपैकी कुणाच्या हातात द्यावी म्हणून थांबली. मारियेटचा हात गल्ल्यावर होता. कुमुदिनीने नोट घेतली आणि गल्ल्यापर्यंत हात पोचायची वाट बघत उभी राहिली.

बाळ कुरकुरलं. बाईने सायकल हलवली. मारियेटने मुठीतली नाणी खणात सोडली, डबे उचलून गिऱ्हाइकापुढे ठेवले आणि गल्ल्यापासून बाजूला सरली. कुमुदिनीने दोन युरो आणि दोन पन्नास काढले, मोठ्याने मोजले आणि बाईच्या हातावर ठेवले.